कोपरा तुटलेली सतरा नंबर

मी सतरा नंबरची काचपट्टी बोलतेय. जीवशास्त्र विभागाच्या कपाटात खाचा पाडलेली एक लाकडी पेटी आहे, तिच्यात सोळा आणि अठरा यांच्या मधे उभी असते ती मीच. बोटभर लांब, जेमतेम दीड बोटाच्या जाडीएवढी रुंद आणि खालचा उजवा कोपरा तुटलेला. सगळे मला स्लाइड म्हणतात, म्हणू देत. काचेनं फुशारकी मारू नये, कारण आमच्या पोटातलं सगळ्यांना दिसतं. तरी आज मी मारणार आहे. तीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आता थोडं बोलले तर कुणाचं काय बिघडतंय?

माझा जन्म एका बाईंच्या अंगठ्याखाली झाला. बाई नुकत्याच कॉलेजात लागल्या होत्या आणि तयार स्लाइड विकत आणण्यापेक्षा आपण करावी, अशी त्यांना खुमखुमी होती. कांद्याला दांडा येतो, दांड्याला फुलांचा गोंडा येतो. त्यातली तांदळाच्या दाण्याएवढी कळी त्यांनी सकाळीच खुडली. ती फोडून आतला परागकोश माझ्या अंगावर ठेवला, त्यावर लाल रंगाचा थेंब सोडला, सुईनं ठेचला, वर पातळ काच ठेवली आणि टिपकागद धरून अंगठ्यानं जोरात दाबलं. बोट तसूभर घसरलं असतं तर माझी कथा तिथेच संपली असती.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्यानं ओरडल्या, "सापडलं! अगं बाई, सापडलं!" स्वतःलाच अगं बाई म्हणणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्यांना काय सापडलं ते सांगते. कांद्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे सोळा दोरे असतात. आईकडून आठ, बापाकडून आठ. मूळ वाढतं तेव्हा एका पेशीच्या दोन होतात आणि दोन्हींत तेच सोळा दोरे जातात. छापखान्यात एकावर एक प्रत निघावी तसं. ते मायटोसिस. पण परागकण तयार होतात तिथलं काम वेगळं. तिथे आईकडचा दोरा बापाकडच्या दोऱ्याशी जोडी लावतो, दोघं आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात, मग जोड्या फुटतात आणि शेवटी एका पेशीच्या चार पेशी होतात, प्रत्येकीत आठच दोरे. हे मिओसिस. पत्ते पिसून वाटावेत तसे दरवेळी नवे हात निघतात. म्हणून तर एका आईची दोन लेकरं एकसारखी नसतात, आणि म्हणूनच या पृथ्वीवर शेवाळापासून हत्तीपर्यंत इतकी नाना सोंगं झाली. सगळी सारखीच निघाली असती तर ऊन, दुष्काळ, रोगराई यांनी निवडायचं तरी कुणाला?

माझ्या पोटात आहे ते हे पिसणं. आठ जोड्या, अगदी ऐन वेळी पकडलेल्या. बाईंनी बारीक अक्षरात कागदी पाटी लिहून माझ्या डाव्या टोकाला चिकटवली, 'कांदा, फुलाची कळी, मिओसिस'. त्याच दिवशी मुळाच्या टोकाची एक स्लाइडही केली. ती माझी जुळी बहीण, अठरा नंबर.

दोन वर्षांनी बाई दुसरीकडे गेल्या. त्यानंतर माझे दिवस फिरले.

विभागात एक काका होते, प्रयोगशाळेचे. उपकरणं काढणं, ठेवणं, धुणं, घंटा वाजवणं, सगळं त्यांच्याकडे. एकदा कपाटामागचा नळ गळला आणि आमची पेटी भिजली. काकांनी आम्हाला पुसलं, ऊन दिलं, पण पाट्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या. बाकीच्या काचांत निदान रंगाचा, आकाराचा फरक होता. मी आणि माझी बहीण मात्र दोघीही लाल, दोघीही कांद्याच्या. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. डिंक लावला आणि एक पाटी इकडे, एक तिकडे चिकटवून टाकली.

झालं! पोट कळीचं आणि कपाळावर मूळ.

पुढच्याच वर्षी कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून आम्ही दोघी फरशीवर पडलो. बहिणीचा चुरा झाला, माझा कोपरा गेला. मिओसिससाठी बाजारातून नवी स्लाइड आली. मला जी ओळख पटवून देऊ शकली असती ती एकुलती एक केराच्या डब्यात गेली. मला अजून तिची आठवण येते.

आता तुम्ही विचाराल, इतकी मुलं, इतके मास्तर, कुणालाच कसं कळलं नाही? अहो, कळायला बघावं लागतं. आमच्याकडे परीक्षेत स्पॉटिंग असतं. बारा सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडायचे, प्रत्येकाखाली पाटी कागदानं झाकलेली एक स्लाइड, दोन मिनिटांत ओळखायची, घंटा झाली की पुढे सरकायचं. स्लाइडला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू फिरवायचा. आणि वरच्या वर्गाची मुलं खालच्या वर्गाला एक यादी देऊन जातात. 'ओरखडा असलेली, गांडूळ. पिवळट डाग, बेडकाचं रक्त. कोपरा तुटलेली, मायटोसिस, कांद्याचं मूळ.' पोरं भिंगात एक डोळा घालतात तो दिखाव्यापुरता, दुसरा डोळा माझ्या कोपऱ्यावर असतो. आजवर शेकडो मुलं मला न बघता पास झाली. पैकीच्या पैकी गुण मिळवून गेली, त्यांतले दोघे तर पुढे इथेच शिकवायला आले! एकदा एका नव्या मास्तरांनी मला नीट पाहिलं होतं. "अरेच्चा..." म्हणालेही, पण तेवढ्यात चहा आला.

आणि मग ताई आल्या.

ताई म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, वय अडतीस. त्यांचं कपडे शिवायचं दुकान, दोन मुली. दुपारपर्यंत कॉलेज, मग शिलाई मशीन. या वयात हे कशाला, असं एका मुलीनं विचारलं तेव्हा ताईंनी सरळ सांगितलं होतं, "माझी धाकटी घाऱ्या डोळ्यांची आहे. आमच्यात कुणाचेच डोळे घारे नाहीत. ती झाली तेव्हापासून मोठ्या जाऊबाई चारचौघांत म्हणतात, 'ही कुणावर गेली गं?' आणि हसतात. आता पोर नऊ वर्षांची झाली, तिला त्या हसण्याचा अर्थ कळायला लागलाय. मला याचं उत्तर पुस्तकातून काढायचंय. नुसतं भांडून नाही."

पेटीत माझं सगळं लक्ष तिकडेच लागलं होतं.

ताईंचं प्रात्यक्षिक दोनदा राहिलं होतं. एकदा मुलगी आजारी म्हणून, एकदा थोडक्यात. ही तिसरी आणि शेवटची संधी. नियमच तसा, या वेळी नापास झालं की कॉलेज सुटलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो प्रश्न विचारणाऱ्या वर्गातल्या मुलीनं त्यांच्या हातात यादी कोंबली. "ताई, एवढं पाठ करा. डोळे झाकून पास व्हाल."

दुसऱ्या दिवशी मी सातव्या टेबलावर होते. ताई आल्या, बसल्या. माझ्या तुटक्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि पेन उचललं. म्हटलं, ही पण त्यातलीच. पण पेन तसंच हातात धरून त्यांनी भिंगाला डोळा लावला.

स्क्रू किंचित इकडे, किंचित तिकडे. बाई माणूस दोरे मोजणारं, उसवलेली शिवण नजरेनं ओळखणारं. ओठ हलायला लागले. "एक... दोन... तीन..." आठावर थांबल्या. पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. शिवाय पेशी गोल, सुट्या. मुळाच्या पेशी विटांसारख्या ओळीत असतात, हे त्यांनी वाचलेलं होतं. एक मिनिट गेलं. यादीतलं उत्तर लिहिलं की सुटका होती. दिसतंय ते लिहिलं आणि चूक ठरलं तर कॉलेज सुटलं, वर घरी हसायला जाऊबाई होत्याच.

मी आतल्या आत ओरडत होते, लिही गं बाई, दिसतंय ते लिही!

काकांचा हात घंटेकडे गेला तेव्हा ताईंनी लिहिलं, 'मिओसिस. मूळ नाही. परागकोश असावा. आठ जोड्या.'

तासाभरानं तोंडी परीक्षेसाठी त्या विभागप्रमुखांच्या टेबलासमोर बसल्या. शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम. सरांनी ताईंचा कागद पुढे सरकवला. सातव्या उत्तरावर लाल फुली होती.

"ताई, अहो सतरा नंबर चुकवलीत? ती तर शेंबडं पोरही ओळखतं. दोन गुणांनी राहताय तुम्ही. तोंडीत चांगले गुण मिळतील असं धरलं तरी."

ताईंचा चेहरा उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "सर, एकदा बघाल का?"

"बघायचं काय त्यात? मी इथे विद्यार्थी होतो तेव्हापासून ती मायटोसिसची आहे."

"तेव्हा तुम्ही बघितली होती?"

सर खोकले. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि खुर्ची मागे सारून उठल्या. "चला, बघायला काय लागतंय?"

मॅडम माझ्यावर वाकल्या. त्यांना तर मला हलवायची मुभा होती. तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी कडेपर्यंत सरकवलं. तिथे, पातळ काचेच्या अगदी टोकाला, माझा पुरावा पडून होता. एका पेशीच्या झालेल्या चार पेशी, एकमेकींना चिकटलेल्या. कांद्याच्या मुळात असलं काही कधीच सापडत नाही.

"सर," मॅडम डोळा न काढता म्हणाल्या, "हे चार कोण बसलेत?"

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. वर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "काका!" त्यांनी हाक मारली.

काका आले, पाटीवरचा कागद काढून पाहिलं आणि त्यांना सगळं आठवलं. भिजलेली पेटी, डिंक, दोन पाट्या. लपवालपवी न करता त्यांनी सांगून टाकलं. वर म्हणाले, "साहेब, बरोबर असायची शक्यता निम्मी तरी होतीच की!"

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग सर. मग सगळी प्रयोगशाळा. मॅडमनी फुली खोडली, शेजारी बरोबरची खूण करून सही केली. "चाळीस मुलांत हे एकच उत्तर बरोबर आहे. बाकीच्यांचे दोन-दोन गुण गेले, सर. आणि शिकवणाऱ्यांचे किती कापायचे, ते तुम्ही ठरवा."

बाहेर एकच गलका झाला. थोडी कुरकुर झाली, नाही असं नाही. पण यादी देणारी ती मुलगी धावत येऊन ताईंना बिलगली. "ताई, अहो मी तुम्हाला उत्तर दिलं होतं ना!"

"दिलं होतंस," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "पण आतमधे ते नव्हतं."

त्या दिवशी मला बघायला रांग लागली होती. ज्यांनी मला न बघता गुण मिळवले ते दोन्ही मास्तरसुद्धा रांगेत उभे. मी अंग चोरलं नाही. आठच्या आठ जोड्या झळकवत राहिले. काच असून मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी नवी पाटी लिहायचा मान ताईंना दिला. त्या धाकटीला घेऊन आल्या. काकांनी जुनी पाटी कोमट पाण्यानं सोडवली, या वेळी दुसरी कुठलीही काच जवळपास न ठेवता. ताईंनी ठळक अक्षरात लिहिलं, 'कांदा, फुलाची कळी, मिओसिस'. मग मुलीला स्टुलावर उभं केलं.

"बघ. हे असे दोरे तुझ्यातही आहेत. निम्मे माझ्याकडचे, निम्मे बाबांकडचे. पण द्यायच्या आधी ते पिसले जातात. माझ्या आजीकडचं, बाबांच्या पणजोबांकडचं, कितीतरी पिढ्या लपून राहिलेलं काहीतरी दोन्हीकडून एकदम वर येतं. तुझे डोळे तसे आलेत."

एक घारा डोळा भिंगावर टेकला. इतक्या जवळून मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पोरीनं आठही जोड्या मोजल्या, बोटांवर.

"मग मी कुणासारखी नाही, ते चुकलेलं नाही ना?"

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. "ते असंच असायचं असतं."

पोर स्टुलावरून उडी मारून उतरली आणि काकांना सांगायला पळाली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीला कळलं होतं. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते मला पेटीत बसून कसं कळणार? पण पुढच्या खेपेला पोर आली तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती.

ताईंचं पुढचं वर्ष आता सुरू आहे. मीही माझ्या खाचेत आहे, कोपरा तुटकाच, पण पाटी माझी आहे. यादी बदललीय म्हणतात. 'कोपरा तुटलेली, मिओसिस.' म्हणजे पोरं पुन्हा न बघताच लिहिणार! म्हणून जाता जाता तुम्हालाच विनवते. कधी सातव्या टेबलाशी आलात तर कोपरा सोडा, पाटीही सोडा, आधी डोळा लावा. आठ आहेत. मोजून घ्या.