वरच्या नटाचा थेंब

लाल चिंधी. आईच्या जुन्या परकराची. आई गेली, परकर राहिला, मग त्याच्याही चिंध्या झाल्या.

वस्तादाच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. चहाचा कप तो उजव्या हातानं धरतो, आणि डाव्यानं माणसं हाकलतो.

समोरच्या टायरवाल्याचा रेडिओ दिवसभर चालू असतो. कुणी मेलं तरच बंद करतो, असं तो स्वतःच सांगतो.

टेकडीच्या मोठ्या वळणावर दगडी कठडा आहे. त्यावर कुणीतरी रंगानं लिहिलंय: हळू. उरलेलं वाक्य लिहायला त्याला वेळ मिळाला नसावा.

वस्तादाच्या पुतण्याला तेलाच्या वासानं मळमळतं.

"माणूस बोलतो. तेल बोलत नाही, तेल दिसतं. म्हणून मी तेलाचं ऐकतो."

हे शेवटचं वस्तादाचं. ऐकून ऐकून गॅरेजातल्या उंदरांनाही पाठ झालं होतं.

आता झालं असं, की एका दुपारी हे सगळं एकमेकांत अडकलं.

गॅरेज मोटारसायकलींचं. राबणारी माणसं तीन: वस्ताद, मागच्या खोलीत व्हॉल्व्ह घासत बसणारी त्याची लेक, आणि लेकीचा नवरा. नवरा आधी इथं कामाला होता, मग जावई झाला. त्यात त्याचा फायदा काय झाला म्हणाल, तर आधी शिव्या फक्त कामाच्या वेळात पडायच्या, लग्नानंतर जेवतानाही पडू लागल्या. घास तोंडात, मान खाली. लेक समोर बसून ती मान बघायची.

आणि गाडी. वस्तादाची स्वतःची, जुनी, एका सिलिंडरची, वाऱ्यावर गार होणारी. सपाटीवर म्हातारी अजून झोकात चालायची. टेकडीचा चढ लागला की तापायची, ठोके मारायला लागायची, आणि वळणाच्या अलीकडे वस्तादाला उतरून कडेला उभं राहावं लागायचं. येणारेजाणारे विचारायचे, "काय वस्ताद, हवा खाताय?"

जावयानं कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचा ऑईल कूलर मिळवून आणला. कूलर म्हणजे पातळ पत्र्यांची एक जाळी, वहीएवढी. पंपातून निघालेलं तेल एका पाइपानं जाळीत जाणार, तिथं वाऱ्यावर गार होणार, आणि दुसऱ्या पाइपानं परत इंजिनात येणार. तिथून खाली क्रँकला, वर हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या, रॉकरला.

"इंजिनाला जाळी?" वस्ताद म्हणाला. "उद्या त्याला सरबत पाज. परवा पाठीला पावडर लाव."

पण कडेला उभं राहून राहून तोही कंटाळला होता. त्यानं टायरवाल्याला साक्षीला बोलावलं आणि सांगून टाकलं, "जावईबापू, गाडी न थांबता चढली, तर गॅरेजची चावी तुझी. मी खुर्ची टाकून बसतो, तू मला शिव्या दे."

टायरवाला हसला. जावईही हसला, कारण हसायचं असतं. मागच्या खोलीत लेकीचा हात व्हॉल्व्हवर थांबला. चावी मिळाली की नवरा मान वर करून जेवेल, एवढंच तिला हवं होतं. बाकी तिला त्या गॅरेजातली माशीसुद्धा नको होती.

इथं ह्या गॅरेजची एक पद्धत सांगायला हवी. उघडं तोंड उघडं ठेवायचं नाही. पाइप असो की इंजिनाचं भोक, काम चालू असताना त्यात लेकीच्या आईच्या परकराची लाल चिंधी कोंबायची, म्हणजे कचरा जात नाही. आणि चिंधीचं शेपूट वीतभर बाहेर लोंबत ठेवायचं. पाइप बसवताना शेपूट दिसतं, ओढलं की चिंधी बाहेर. पद्धत वस्तादाची. एकदाही चुकली नव्हती, म्हणून तिचा कुणी विचारही करत नव्हतं.

जावयानं जाळी गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या नळीला कसली, रबराचा वायसर घालून, थरथरू नये म्हणून. जागा नेमकी वाऱ्याच्या तोंडावर. वस्तादानं हलवून बघितली. हलली नाही. हे त्याला आवडलं नाही.

"फरशी बघ," तो म्हणाला.

परतीच्या पाइपातून तेल ठिबकत होतं. त्यात कोंबलेली चिंधी भिजून टपकत होती.

"फरशी तुझ्या बापानं पुसली का रे?"

"पुसतो, वस्ताद."

"पुसतो काय? आधी तोंड बंद कर. त्याचं. मग तुझं."

टायरवाला दारात उभा राहून खो खो हसला. जावयाचे कान लाल झाले. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि चिंधी आत ढकलली. आणखी आत. शेपटासकट. थेंब थांबला. मग तो गुडघ्यावर बसून फरशी पुसू लागला, आणि वस्ताद बुटाच्या टोकानं दाखवू लागला: इथं, इथं राहिलं, इथं.

पुसून झाल्यावर जावयानं तो पाइप उचलला. शेपूट दिसत नव्हतं. शेपूट दिसत नाही म्हणजे चिंधी नाही, सवयीच्या हाताला एवढंच ठाऊक. त्यानं पाइप जाळीच्या नळीवर चढवला आणि क्लिप आवळली.

लेकीनं हे मागच्या खोलीच्या दारातून बघितलं.

तिनं तोंड उघडलंही होतं. पण टायरवाला अजून उभा होता. त्याच्यासमोर बोललं, की पुढचा महिनाभर रस्त्यावरच्या सगळ्यांना हीच गोष्ट ऐकवली जाणार. बाबा जरा हात धुवायला गेले की अहोंच्या कानात सांगू, असं तिनं ठरवलं. पाइप काढायला कितीसा वेळ लागतो?

बाबा हात धुवायला गेलेच नाहीत. त्यांनी तिथंच खुंटीवरचं हेल्मेट उचललं.

"मी नेतो," जावई म्हणाला. "माझं काम आहे, मी चढवून दाखवतो."

"तू? माझी गाडी?" वस्ताद हेल्मेटाचा पट्टा लावत म्हणाला. "आणि चावीचं ऐक. ती मी पुतण्याला द्यायचं ठरवलंय."

"वस्ताद, तुम्ही शब्द..."

"शब्द! शब्दानं गॅरेज चालतं होय? तो माझ्या रक्ताचा. तू फरशी चांगली पुसतोस. पुतण्याला सांगेन, ह्याला ठेव म्हणून."

"पुतण्याला तेलाच्या वासानं ओकारी येते की हो," टायरवाला म्हणाला.

"नाकात चिंधी घालील."

दोघं हसले. आणि जावई, लेकीनं नीट बघितलं, जावईसुद्धा हसला. मान खाली घालून. हातात फरशीचं फडकं.

तिच्या आत काहीतरी गार झालं, अगदी शांतपणे.

वस्तादानं किक मारली. इंजिन लागलं. आता दुसरी पद्धत. पंप तेल ओढतो की नाही हे बघायला हेडवरचा, सगळ्यात वरचा नट अर्धा फेरा सैल करायचा. तिथं थेंब उमटला की तेल सगळीकडे फिरून वर पोचलं. थेंब दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे काम वस्ताद दुसऱ्या कुणावर सोडत नसे. लेक चार वेळा बघून सांगायची, तरी तो पाचव्यांदा बघायचा.

आजही तो क्षणभर इंजिनावर वाकला. पाठ सगळ्यांकडे. मग सरळ झाला, मागच्या खोलीच्या दाराकडे वळला, आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. विचारलं.

"पोरी, थेंब बघितलास?"

इंजिन धडधडत होतं. नवरा फडकं पिळत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"बघितला, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

वस्तादानं मान हलवली, नट आवळला आणि गेला.

आवाज चढाला लागला. तिघं दारात उभे. आवाज वर वर जात राहिला, आणि ठोके नाहीत, अजिबात नाहीत. जावयाचा चेहरा उजळला. "अगं, ऐकलंस? कूलर चालतोय!" त्यानं तिचा दंड धरला. ती ऐकत होती. तेल न मिळून इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी धरतं. तेव्हा क्लच झटकन दाबावा लागतो, डाव्या हातानं, चारी बोटांनी.

मोठ्या वळणाच्या आसपास एक किंचाळी आली. माणसाची नव्हे, टायरची.

मग काही नाही.

टायरवाल्यानं रेडिओ बंद केला. जरा घाईच केली. वस्ताद मेला नाही.

कठड्यानं त्याचं कंबरडं मोडलं. गाडी टेम्पोत घालून आणली. पाइप जावयानंच सोडवला, टायरवाल्यासमोर, आणि चिमट्यानं ओढून काढली ती चिंधी: लाल, तेलानं काळी पडलेली, शेपटासकट. तो चिंधीकडे बघत बसला.

"मीच," तो म्हणाला. "मीच मारलं त्यांना."

"होतं असं कधी कधी," लेक म्हणाली. तेवढंच म्हणाली.

त्यानंतर त्यानं पाना हातात धरला नाही. घरी असतो. जेवायला बसला की मान आता इतकी खाली, की घास शोधावा लागतो. पुतण्या एकदा रुमाल नाकाला लावून आला, दारातूनच चौकशी करून गेला. चावी वस्तादाच्या पँटच्या खिशात होती. दवाखान्यात ती पँट कापून काढली, तेव्हा लेकीनं चावी उचलली. गॅरेज ती उघडते, ती बंद करते. चिंधीचं शेपूट ती दीड वीत ठेवते.

वस्ताद पुढच्या खोलीत पडून असतो. सकाळी ती त्याचं अंग पुसते, कूस बदलते. टायरवाला अधूनमधून येतो आणि मोठ्यानं म्हणतो, "जावयानं घात केला, वस्ताद!" वस्ताद हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत राहतो. ती हाताकडे बघत नाही.

रोज एकच विचारतो.

"गाडी नीट झाली का गं?"

गाडी भंगारात जाऊन जमाना झाला.

"झाली, बाबा."

"तू म्हणतेस म्हणजे झालीच असेल."

त्या दुपारी निघण्याआधी, इंजिनावर वाकून, वस्तादानं वरच्या नटावरून अंगठा फिरवला होता. अंगठा कोरडा होता.