तोंडी परीक्षा

“हं, सांगा. बॉयलरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत का नाही?”

वहीतल्या उत्तरावर तळहात ठेवून तिने विचारलं. त्याच हाताला सलाईन लावलेलं होतं, त्यामुळे हात नीट टेकत नव्हता आणि अर्धी ओळ उघडी पडली होती. त्याने मुद्दाम खिडकीकडे पाहिलं.

“दाबामुळे.”

“एवढ्यावर मार्क देतील का ते?”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मग त्याने स्टूल पुढे ओढलं आणि सगळं सांगितलं. कुकरचं झाकण घट्ट असेपर्यंत पाणी कितीही तापलं तरी पाणीच राहतं. दाब एकदम काढला की त्यातलं थोडं क्षणात वाफ होऊन उडतं.

“म्हणजे दाब गेला की पाण्याला स्वतःला आवरत नाही,” ती म्हणाली.

“पुस्तकात असं नाही लिहिलेलं.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला आवरत असेल.”

कापड रंगवायच्या कारखान्यात तो वीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. कारखान्यात नवीन आलेले इंजिनिअर त्याला विचारून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कागदावर सही मात्र स्वतः करायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे, तिला वाटे. नोकरी करणाऱ्यांसाठी विद्यापीठात अभियांत्रिकी तंत्रज्ञानाची पदवी सुरू झाली, तेव्हा फॉर्म तिनेच आणला. संध्याकाळचे वर्ग, चार वर्षं. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. तेव्हापासून तो सगळ्यांचा काका झाला.

ती दहावीपर्यंत शिकलेली. घरी शिलाईचं काम करायची. मशीनवर पाय चालू, वही मांडीवर आणि तो समोर जमिनीवर, अशी चार वर्षं गेली. उष्णतेच्या धड्यातल्या एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी तिच्या लेखी दोघी जावा होत्या. “नावं सारखी, स्वभाव वेगळे, आणि एकीचा विषय निघाला की दुसरी आलीच.” या दोघींचा प्रश्न त्याला परीक्षेत कधी चुकला नाही.

शेवटच्या वर्षी त्याने प्रकल्पासाठी स्वतःचाच बॉयलर घेतला. क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधलं थोडं गरम पाणी रोज गटारात सोडून द्यावं लागे. त्या पाण्याची उष्णता परत वापरायची, असं त्याचं काम होतं. आकडे जमले, अहवाल बांधून झाला, आणि त्याच महिन्यात तिच्या यकृतात गाठ सापडली. आधी डॉक्टर उपचारांबद्दल बोलत होते. हळूहळू ते फक्त दुखणं कमी करण्याबद्दल बोलू लागले.

त्या शनिवारी सकाळी तो विद्यापीठातल्या विभागात जाऊन आला होता. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, “सोमवारी नाही जमलं तर अर्ज द्या. पुढच्या सत्रात तोंडी परीक्षा घेऊ. सहा महिन्यांनी.”

त्याने ते तिला सांगितलं. तिने वही मिटली.

“सहा महिन्यांनी तुम्हाला प्रश्न कोण विचारणार?”

अर्ज त्याच्या खिशातच होता, लिहून तयार. तो त्याने दिला नाही.

सोमवारी सकाळी मेहुणी आल्यावर तो निघाला. तिने त्याला खाटेसमोर उभं केलं, मागे वळायला लावलं, शर्टाची पाठ बघितली.

“पोक काढून बसू नका. नि ऐकू आलं नाही तर परत विचारा. उगाच मान डोलावत बसाल.”

“बरं.”

“जा आता. अकराला आहे ना?”

“अकराला.”

आत तीन जण होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला, चष्मा काढला आणि विचारलं, “हे पाणी बॉयलरमध्ये एकशे ऐंशी अंशांवर आहे म्हणता. मग उकळत का नाही?”

“दाब आहे तोवर पाणी पाणीच राहतं, सर. दाब गेला की त्याला स्वतःला आवरत नाही.”

परीक्षक हसले. “कुठल्या पुस्तकातलं हे?”

“घरी सांगतात असं.”

मग त्याने पुस्तकातलंही सांगितलं, फळ्यावर आकृती काढली, उष्णतेचा हिशेब मांडला. वीस मिनिटं ठरली होती, पाऊण तास झाला. शेवटी परीक्षक म्हणाले, “तुम्ही आम्हालाच शिकवलंत की हो.” हे वाक्य तिला कसं सांगायचं, कुठे थांबायचं, हे त्याने बसमध्ये दोनदा मनात म्हणून पाहिलं. एकदा तर तो चक्क पुटपुटला आणि समोरच्या माणसाने वर बघितलं.

मेहुणी वॉर्डच्या बाहेर जिन्यावर बसली होती. त्याला बघून ती उठली नाही. त्यावरूनच त्याला कळलं.

“किती वाजता?”

“सव्वाअकराला, भावोजी.”

तेव्हा तो फळ्यापाशी असणार. हाताला अजून खडू लागलेला होता.

“फोन नाही केलास?”

“साडेदहापासूनच दम लागला होता. मी फोन काढला, तर ताईने मनगट धरलं माझं. म्हणाली, बारापर्यंत लावायचा नाही. मग अकराला विचारलं, किती वाजले. मी सांगितलं. म्हणाली, आत गेले असतील आता.” मेहुणीने पदर तोंडाला लावला. “मी काय करायला हवं होतं, भावोजी?”

“तू बरोबर केलंस,” तो म्हणाला. ते तिला पटेल अशा आवाजात म्हणायला त्याला बराच वेळ लागला.

सात आठवड्यांनी निकाल लागला. दुपारपाळी होती, म्हणून तो सकाळीच विभागात गेला. फळ्याभोवती गर्दी होती. मागून नंबर दिसेना. खालच्या वर्गातली एक मुलगी पुढे होती. तिने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, यादीवर बोट फिरवलं.

“काका, पहिला वर्ग. विभागात तिसरे आलात तुम्ही.”

“बरं झालं.”

“बरं झालं काय? घरी कळवा की आधी. वाट बघत असतील.”

तिला काही माहीत नव्हतं. चेहरा असा फुलला होता, जणू तीच पास झाली होती. त्याने फोन काढला आणि बाजूला जिन्याच्या कठड्यापाशी गेला. मुलगी तिथूनच बघत होती. त्याने फोन कानाला लावला. कोणालाच लावलेला नव्हता. पलीकडचं कोणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय, असा तो पाठ ताठ ठेवून उभा राहिला. मुलगी मैत्रिणींबरोबर हसत निघून गेली, व्हरांडा रिकामा झाला, तरीही तो आणखी थोडा वेळ तसाच उभा होता.