देवीची नाव कुणाकडं वळली

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या वाडीवर सकाळीच सगळं गाव तळ्याकाठी गोळा झालं होतं. महिन्याभरात पाच गुरं दगावली होती, आणि करणी कुणाची ते आज देवीची नाव सांगणार होती. कुंडलिक महाराजांनी वीतभर लांबीची पत्र्याची नाव पाण्यावर ठेवली, तिच्या पोटात पणती लावली. हलगी कडाडू लागली. वल्हं नाही, दोरी नाही, वारा पडलेला; तरी नाव आपणहून निघाली. बायकांनी हात जोडले.

"आई पाप्याला हुडकतीया," महाराज घुमू लागले. "जो मोबाईल काढंल त्याचे डोळे जातील."

नाव बाळाबाईच्या पायांशी येऊन टेकली. अर्ध्या वाडीची बाळंतपणं केलेली ही बाई. ज्याची दोन गुरं गेली होती तो रखमाजी म्हणाला, "बाळाबाई, गाव सोडा."

"म्या कुठं बी जाणार न्हाई," बाळाबाई म्हणाली.

तिची सून शेफाली भोरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती संतापली होती, पण एक गोष्ट तिनं हेरली होती. नाव टेकल्यावर महाराजांनी पणती विझवली, आणि मगच हलगी थांबली. साडी खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरली.

"पुन्हा सोडा नाव. हलगीशिवाय."

"आईचा कोप होईल."

"होऊ द्या माझ्यावर."

"सोडा की महाराज," रखमाजी म्हणाला. "देवीच हाय, तर भ्यायचं कशापाई?"

पणती लागली. थोड्या वेळानं, हलगीनं मघाशी झाकलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला. पुट-पुट-पुट.

"आगं, ही तर जत्रंतली फटफट होडी," म्हातारी धोंडाबाई पुटपुटली.

शेफालीनं नावेचं तोंड फिरवलं. नाव निमूट महाराजांकडे निघाली. गर्दीत हसू फुटलं.

"रखमाजीमामा, नावेच्या मागं बोट धरा."

"पानी टोचतंया की."

"तळाला दोन नळ्या आहेत. पणतीनं आतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी जोरात मागं फेकते. पाणी मागं गेलं की नाव पुढं ढकलली जाते."

"पर पानी परत आत बी शिरत आसंल. मग नाव मागं का येत न्हाई?"

प्रश्न ऐकून शेफालीला बरं वाटलं. "बाहेर जातं ते एका सरळ धारेत, आत येतं ते चहूबाजूंनी. म्हणून पुढचाच जोर उरतो. विमानाचं इंजिन हवा मागं फेकतं, रॉकेट जळालेला वायू फेकतं. नियम तोच. त्यात ना देवी, ना मंत्र."

महाराज नाव उचलायला वाकले. शेफालीनं ती आधीच हातात घेतली होती. "ही पोलिसांकडं जाईल. कुणाला चेटकीण ठरवणं गुन्हा आहे."

रखमाजी मान खाली घालून बाळाबाईसमोर आला. "चुकलं आमचं."

"माज्याशी नको, समद्यांम्होरं बोल," ती म्हणाली. तो मोठ्यानं बोलला.

मग शेफालीनं गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. "गुरं कशानं मेली ते तपासल्यावर कळेल," ती गावाला म्हणाली. "तोवर ठाऊक नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण न तपासता कुणाच्या माथी पाप मारू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी वाद्य थांबवायला सांगा."