न आलेली अक्षत

वामनरावांनी आयुष्यात तीन धंदे केले आणि तिन्ही ठिकाणी एकच खोड सांभाळली: पुराव्याशिवाय कशावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. आधी वकिली केली. ती सोडून साप्ताहिक काढलं. साप्ताहिकाचं पोट भरेना, तेव्हा त्याच छापखान्यात शाळेची पुस्तकं आणि लग्नपत्रिका काढू लागले. बातमी आणणाऱ्याची ते अशी उलटतपासणी घेत, की बिचारा बातमी गिळून घरी जाई.

छप्पन साली नवं राज्य झालं आणि बुऱ्हाणपूर हिंदी मुलखात राहिलं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला, आणि वामनरावांचे सरकारी नोकरीतले मित्र बदली मागून वऱ्हाडात. मराठी साप्ताहिकाला बुऱ्हाणपुरात वाचक राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. राजपुरा पेठेतल्या त्या छापखान्यात यंत्र थांबलं की जागा खायला उठे.

अशात माघात देडतलाईची कोकिळा आली. नवरा वारल्यावर दिरांनी तिचं केळीचं शेत गिळायला घेतलं, तेव्हा वामनराव तिच्यासाठी कोर्टात लढले होते. निकाल तिच्या बाजूनं लागला त्या दिवाळीला तिनं त्यांना भाऊ म्हणून ओवाळलं. पुढं साप्ताहिकाच्या व्यापात भाऊबीजेला जाणं त्यांचंच राहत गेलं. आता तिच्या लेकीचं, सुनंदाचं लग्न निघालं होतं. पत्रिका छापून झाल्यावर गठ्ठा काखेत मारून ती "येते, भाऊ" म्हणाली आणि निघाली.

'लग्नाला या' म्हणाली नाही. वामनरावांना ते फार लागलं. वकिली सुटली तसं अशीलही सुटलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं, तरी अक्षतीची वाट बघत राहिले. नुसती पत्रिका छापली म्हणून कुणी लग्नाला जात नाही. कुंकवातले तांदूळ दाराशी यावे लागतात. त्यांनी ठेवणीतला कोट उन्हात घातला, सुनंदासाठी लुगडं घेतलं. दार वाजलं की स्वतः उठत. अक्षत काही आली नाही. लग्नाच्या दिवशी देडतलाईची मोटार समोरून गेली, आणि वामनराव भूगोलाची मुद्रितं तपासत बसले. बोलावल्यावाचून जायला ते काय आगंतुक होते?

पुढच्या आठवड्यात कोकिळा आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, आले कावून नाई?"

"अक्षत कुठं दिलीस?" वामनरावांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं.

"मामाले अक्षत? अक्षत पावन्याले देतेत, भाऊ. तुमी त मांडवातले. तुमाले बलावनं म्हंजे माही मीच मले बलावनं."

लग्न लागताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हे शहाणे आपण मामा असल्याचा पुरावा मूठभर तांदळात शोधत बसले होते. लाजेनं वामनरावांना मान वर करवेना.

"मग... तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं?"

"लोक म्हने, कोनाले बी उभं करा, मुहूर्त चालला. मी म्हनलं, कायले? माह्या पोरीचा मामा जिता हाये." कोकिळानं पदर डोळ्यांना लावला. "सुनंदा एकटीच उभी राह्यली, भाऊ. मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, अन् पोरगी सारखी मांगं वळून पाहे."