पहिल्या दिवसाची पिशवी

कन्नड मुलखातल्या एका शहरात, शिवाजीनगरच्या बाजारामागे एका गल्लीत रघुपती शिंप्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत दर मे महिन्यात एक छोटंसं कॉलेज भरत असे. ते चालवायचे आप्पाजी, रघुपतींचे थोरले काका. कन्नड शाळेत आयुष्यभर मास्तरकी करून निवृत्त झालेले. गल्लीतल्या मराठी घरांतलं जे कोणी एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, होऊन कॉलेजात जाणार असेल, त्याला महिनाभर त्यांच्यापुढे बसावं लागे.

शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायची सवय झालेली मुलं ही. कॉलेजात फळा नावालाच, सगळं इंग्रजीतून, आणि कानावर पडेल ते लिहून घ्यायचं. म्हणून आप्पाजी जुना इंग्रजी पेपर हातात धरून, मुलांकडे पाठ करून, येरझाऱ्या घालत वाचत राहायचे. बाहेर रघुपतींची शिवणयंत्रं धडधडत असायची.

"आप्पाजी, स्वल्प हळू वाचा ना," कोणी म्हणायचं.

"तिथे कोण हळू बोलणार तुझ्यासाठी? राहिलं ते राहिलं. पुढचं पकड."

आणि कॉलेज उघडेल त्या सकाळी आप्पाजी मुलाची पिशवी आपल्या खांद्याला अडकवून त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जात. फाटकाशी पिशवी त्याच्या हातात देऊन म्हणत, "आजचं ओझं माझं, उद्यापासून तुझं."

रघुपतींच्या मुलीने, रत्नाने, लहानपणापासून हे पाहिलं होतं. हरीदादाची पिशवी पाहिली, चंद्रकांतची पाहिली. आपली पाळी कधी येते याची ती वाट पाहत होती. एकसष्ट साली ती पास झाली आणि तिला मुलींच्या कॉलेजात पी.यू.सी.ला, म्हणजे पहिल्या वर्षाला, जागा मिळाली. त्या वर्षी गल्लीतून कॉलेजात जाणारी ती एकटीच. म्हणजे पूर्ण मे महिना आप्पाजी फक्त तिचे.

पण मेच्या सुरुवातीलाच समोरच्या घराच्या माडीवर पुण्याचे गद्रे राहायला आले. त्रिविक्रम गद्रे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, क्वार्टर मिळेपर्यंत इथे. त्यांची मुलगी कल्पना त्याच कॉलेजात, त्याच वर्गात जाणार होती. दुसऱ्याच दिवशी ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मी आत येऊ का? आई म्हणाली, इथे कॉलेजची तयारी करून घेतात."

"ये की," आप्पाजी म्हणाले. "रत्ना, सरक जरा."

रत्ना सरकली. त्या दिवसापासून तिला रोजच कशात ना कशात सरकावं लागलं.

कल्पना हुशार होती यात वाद नाही. इंग्रजी तिलाही बेताचंच येत होतं, पण ती लिहिताना शब्द अर्धेच टाकायची आणि नंतर पुरे करायची. आप्पाजींना ती युक्ती फार आवडली. "बघ रत्ना, कसं करते ती. असं कर." मागच्या वर्षी चंद्रकांतला हेच सांगून सांगून ते दमले होते, आणि रत्ना ते दाराआडून ऐकून केव्हाच शिकली होती. पण ती बोलली नाही. बोलून दाखवावं लागलं तर त्यात काय राहिलं?

मग पिशव्यांचं झालं. अण्णांनी, म्हणजे रघुपतींनी, कोटाच्या उरलेल्या निळ्या कापडाची रत्नासाठी पिशवी शिवली होती, आत वहीसाठी वेगळा कप्पा आणि लांब पट्टा. आप्पाजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "रघुपती, अशीच आणखी एक होईल का रे? त्या पोरीसाठी?" आणखी एक झाली. त्याच कापडाची.

आणि एका दुपारी वाचता वाचता ते मागे न बघताच म्हणाले, "पुट्टी, स्पेलिंगची काळजी करू नको, लिही." पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी पोर. या घरात पुट्टी एकच होती. रत्नाने मान वर केली तर आप्पाजी वळून कल्पनाकडे बघत होते.

त्या संध्याकाळी रत्ना दोसे पुढ्यात घेऊन नुसतीच बसली. "काय गं," आई, कृष्णाबाई, म्हणाली, "तोंड का असं? माझा दोसा करपला की तुझं काही करपलं?"

"काही नाही."

"बरं, सरी. मग गिळ."

कॉलेज उघडायच्या आदल्या आठवड्यात दोघी ओट्यावर पेन्सिली तासत बसल्या होत्या. कल्पना म्हणाली, "हजेरीची मला भारी धास्ती वाटते बाई. बरं आहे, माझं गद्रे. जी लवकर येईल, एकदाची सुटेन. तुझं काय येईल गं?"

रत्नाचा हात थांबला. पुण्यात आडनावाने हाक मारतात हे तिला आत्ता कळत होतं. इथे कोण आडनाव विचारतो? इथे बापाचं अक्षर पुढे आणि मग मुलीचं नाव, हजेरीची यादीही त्या नावावरूनच. ती शाळेत पहिलीपासून आर. रत्ना. कल्पना इथे गद्रे नव्हतीच, ती होती त्रिविक्रम गद्रेंची टी. जी. कल्पना. एवढं एकच वाक्य तिला सांगायचं होतं. आप्पाजींना हे सुचलं नव्हतं, कारण त्यांच्यापुढे बसलेली सगळी मुलं इथलीच होती.

"माझं उशिरा येतं," रत्ना म्हणाली आणि पेन्सिल फिरवू लागली. होऊ दे फजिती, एवढंच तिच्या मनात होतं. एकदा तरी होऊ दे.

कॉलेजच्या सकाळी रत्ना पिशवी घेऊन दारात तयार होती. हिवाळ्यात आप्पाजी पायरीवरून पडले होते, तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. त्यांनी दोघींकडे पाहिलं. कल्पनाचे ओठ सुकले होते.

"पुट्टी," ते रत्नाला म्हणाले, "खांदा एकच उरलाय माझा. तू इथली, तुला भाषा येते, रस्ता येतो. हिला धीर हवा. आज हिची घेतो. चालेल ना?"

"चालेल की," रत्ना म्हणाली. आणि सगळ्या रस्त्याने ती त्यांच्या चार पावलं पुढे चालली. फाटकाशी तिने मागे वळून पाहिलं नाही, पण ते वाक्य तिला ऐकू आलं.

वर्गात दोघी एका बाकावर बसल्या. बाई आल्या, उंच, करड्या केसांच्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की प्रत्येक नाव एकदाच घेतलं जाईल. जी मुलगी हजर नाही तिचं नाव आत्ताच खोडलं जाईल, कारण बाहेर व्हरांड्यात कितीतरी मुली आपल्या वडिलांबरोबर जागेसाठी उभ्या आहेत. नंतर रडत येऊ नका.

फजितीपुरतं ठीक होतं. हे रत्नाच्या हिशेबात नव्हतं.

नावं भराभर पुढे चालली; पुढची अक्षरं कशीही येत होती, म्हणून कल्पना अजून गद्रेची वाटच बघत होती. "के. एस. कल्पना."

पुढच्या बाकावरून कोणी तरी हजेरी दिली. आपली कल्पना रत्नाच्या कानाशी कुजबुजली, "अय्या, आणखी एक कल्पना!"

"टी. जी. कल्पना."

कोणीच बोललं नाही. कल्पनाने मान वळवून मागे पाहिलं, ही गैरहजर बया कोण आहे ते बघायला. बाईंनी पेन उचललं.

रत्नाला त्या क्षणी व्हरांडा दिसला नाही, कल्पनाचं रडणंही दिसलं नाही. तिला दिसली दुकानाची मागची खोली. जागा गेलेली कल्पना तिथे बसली आहे, एकटी, पूर्ण वर्षभर. बाहेर यंत्रं धडधडताहेत आणि आप्पाजी येरझाऱ्या घालत फक्त तिच्यासाठी वाचताहेत. पुट्टी, लिही.

"प्रेझेंट, मॅडम!" रत्ना ओरडली.

पेन कागदावर टेकलं, खूण झाली, नावं पुढे गेली. कल्पना तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, तू कशाला...?"

"गप. ती तूच आहेस."

थोड्या वेळाने "आर. रत्ना" आलं, आणि तिला पुन्हा तेच म्हणावं लागलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा आवाज मी आत्ताच ऐकला. उभी राहा. तू कोणती?"

सगळा वर्ग वळला. रत्ना उभी राहिली. मनात मराठी आणि कन्नड दोन्ही एकदम दाटलं. राहिलं ते राहिलं, पुढचं पकड. ती तुटक इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, मी रत्ना. कल्पना ही. ती पुण्याची आहे. तिथे घराण्याच्या नावाने बोलावतात. ती गद्रे नावाची वाट बघते आहे."

मुली फिसकन हसल्या. कल्पना लाल होऊन उठली.

"आणि तिच्यासाठी ओरडायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग तास संपेपर्यंत दोघीही उभ्या राहा. गद्रे, तूसुद्धा."

दोघी उभ्या राहिल्या, आणि डाव्या तळव्यावर वही धरून तास संपेपर्यंत लिहीत राहिल्या.

दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हा आप्पाजी फाटकासमोरच्या झाडाखाली बसून होते. घरी गेलेच नव्हते. त्यांनी कल्पनाची पिशवी पुन्हा खांद्याला घेतली आणि विचारलं, "काय झालं पहिल्या दिवशी?"

कल्पनाने सगळं सांगितलं, हातवारे करून. "रत्ना नसती ना आप्पाजी, तर गेलेच होते मी!"

आप्पाजींचा चेहरा पडला. "माझं चुकलं. इतकी वर्षं शिकवतोय आणि नाव सांगायचंच राहिलं. मला सुचायला हवं होतं." ते रत्नाकडे वळले. "पण तुझ्या बरं वेळेवर ध्यानात आलं."

रत्नाला हेच ऐकायचं होतं, महिनाभर. ती पायाने माती उकरत राहिली.

"वेळेवर नाही," ती म्हणाली. "ती आधी बोलली होती गद्रेचं. ओट्यावर. मला माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"नाही."

कल्पनाने श्वास आत ओढला. आप्पाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते निळ्या पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत होते, आणि मग त्यांनी रत्नाच्या खांद्यावरच्या तशाच पट्ट्याकडे पाहिलं. मास्तरांना मुलांच्या वहीतली चूक दिसते, तशी त्यांना आपलीही एखादी दिसली असावी.

त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून कल्पनाच्या हातात दिली. "ही तुझी. फाटकाच्या आत जाऊन आलीस, आता उचल." मग रत्नापुढे हात केला. "आण ती इकडे."

"जड नाही, आप्पाजी."

"आण म्हणतो ना, पुट्टी."

तिने दिली, पण पट्ट्याचं एक टोक हातात तसंच धरून ठेवलं. ते दोघं एका पिशवीने जोडलेले असे सावकाश बाजाराच्या दिशेने चालू लागले. ओझं परत मागावं की माफी, हे रत्नाला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

कल्पना चार पावलं मागून येत होती. रत्नाने एकदा वळून पाहिलं, तेव्हा ती आप्पाजींच्या खांद्याकडे बघत होती. ते बघणं रत्नाला ओळखीचं होतं. मग तीच जरा हळू झाली, कल्पना बरोबरीला येईपर्यंत.