काळ्या पाठीची मासोळी

मित्रांनो, फसवणूक हा माझा धंदा, आणि तो मी इमानेइतबारे केला. मी लाकडाची मासोळी आहे, लांबीला वीतभरही नाही. पोटाखाली दोन गळ आणि तोंडाशी पत्र्याची छोटी जीभ. दोरी ओढली की त्या जिभेवर पाणी अडते आणि मी डुलत डुलत पोहू लागते. ते पाहून खरा मासा झेप घालतो. आता गळ गंजले आहेत आणि खिडकीशेजारच्या एका खिळ्यावर माझा मुक्काम आहे. पण मी जे पाहिले ते फार थोड्या मासोळ्यांच्या वाट्याला आले असेल.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका घराच्या मागच्या खोलीत झाला. एका टेबलावर सूनबाई लाकूड कोरायच्या, दुसऱ्यावर त्यांचे सासरे, म्हणजे आमचे आजोबा, रंग द्यायचे. आमचे गिऱ्हाईक म्हणजे बास मासा धरणारे हौशी लोक. बास हा गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी. आधी गिळायचे आणि मग विचार करायचा, असा त्याचा खाक्या.

निळी पाठ, पांढरे पोट, लाल कल्ले ही आमच्या घराण्याची खूण होती. तो निळा रंग आजोबा स्वतः मिसळत. त्याचे प्रमाण कुठे लिहिलेले नव्हते, ते त्यांच्या नजरेत होते. चाळीस वर्षे त्या निळ्यासाठी माणसे दुकानात थबकत होती. शेवटचा मोठा डबा तीन वर्षांपूर्वी मिसळला होता आणि आता त्याचा तळ दिसू लागला होता.

आजोबांचे एक गुपित होते. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पिवळट पडदा वाढत होता, आणि त्यातून निळा रंग गाळला जाई. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, तेव्हा ‘अजून छान दिसतं मला’ म्हणून ते उठून आले आणि घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. फळीवर रंगाच्या बाटल्या त्यांनी ठरावीक क्रमाने लावल्या होत्या. पहिली निळी, मग काळी, पांढरी, पिवळी आणि लाल. हात आपोआप बरोबर बाटलीवर जायचा. कोणी फळीला हात लावला की मात्र ते खेकसत, आणि घरातले म्हणत, म्हातारपणी माणूस चिडखोर होतोच.

एके दिवशी सकाळी सूनबाईंनी फळी पुसली आणि बाटल्या हाताला येतील तशा परत ठेवल्या. त्याच दुपारी आजोबांनी आम्हा बाराजणींना रंगवले. हात जराही कापत नव्हता. एकेक खवला त्यांनी जागच्या जागी काढला.

संध्याकाळी डब्यात भरताना सूनबाई थांबल्या.

“बाबा, हे काय केलंत? पाठ काळी, पोट पिवळं.”

“काहीतरीच काय. नेहमीसारखीच तर आहे.”

आजोबांनी मला खिडकीपाशी नेऊन खूप वेळ पाहिले. मग त्यांचा हात फळीकडे गेला आणि बाटल्या चाचपू लागला.

“बाटल्या कोणी हलवल्या?”

“मी. पुसायला काढल्या होत्या.” सूनबाईंची नजर फळीवरून त्यांच्या हातावर गेली. “म्हणजे तुम्ही रंग बघून बाटली उचलत नाही? जागा बघून उचलता?”

आजोबांचा पारा चढला. आपल्या डोळ्यांना काहीही झालेले नाही, असे त्यांनी भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले आणि दोन दिवस अबोला धरला. सूनबाईंनी उरल्यासुरल्या निळ्यातून माझ्या अकरा बहिणींना नव्याने रंगवले. मला मात्र आजोबांनी खिशात ठेवले होते. तासातासाने ते मला बाहेर काढत, उजेडात धरत आणि पुन्हा खिशात टाकत.

तिसऱ्या दिवशी मासेबाई आल्या. माशांना काय दिसते याचा अभ्यास करणाऱ्या या बाईंना सगळे ह्याच नावाने ओळखत. प्रयोगासाठी रंगवून घेतलेल्या लाकडी चकत्या न्यायला त्या आल्या होत्या. मला पाहून त्या हसल्या.

“ही मला थोडा वेळ द्या. हिची एक निळी बहीणही द्या. आणि आजोबा, तुम्ही दोघंही चला. गंमत दाखवते.”

त्यांच्या खोलीत काचेच्या मोठ्या टाक्यांत बास पाळलेले होते. ठरलेल्या रंगाच्या चकतीला तोंड लावले की खाऊ, हे त्यांना शिकवलेले होते. लाल शिकलेल्या माशासमोर सहा रंग सोडले. तो सरळ लालकडे गेला, दहाच्या दहा वेळा. हिरवा शिकलेलाही तितकाच पक्का निघाला. मग निळा शिकलेल्या माशासमोर एक निळी आणि एक काळी चकती सोडली. तो मध्येच घुटमळला. एकदा निळीला टोचले, एकदा काळीला, आणि शेवटी वैतागून कोपऱ्यात गेला. पिवळ्या आणि पांढऱ्यापुढे चौथ्या माशाची अशीच भंबेरी उडाली.

“याच्या डोळ्यात लाल आणि हिरवा ओळखायची सोय आहे,” मासेबाई म्हणाल्या. “निळ्याची नाही. म्हणून निळा जातो काळ्यात, आणि पिवळा पांढऱ्यात.”

मग माझे गळ काढून मला आणि माझ्या निळ्या बहिणीला पाण्यात सोडले. मासा आमच्याकडे आला. आजोबांनी काचेला नाक लावले. दोन डोळे काचेच्या आत होते, दोन बाहेर, आणि त्या चारही डोळ्यांना आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो. एवढ्या जगात एक मासा आणि एक माणूस एकच गोष्ट पाहत आहेत, हे जाणवून मी पाण्यातच थक्क झाले.

“याला माझ्यासारखंच दिसतं,” आजोबा हळूच म्हणाले.

सूनबाईंनी ते ऐकले आणि तिथेच त्यांच्याकडून मोतीबिंदूचे सगळे काढून घेतले. पण घरी परतताना आजोबांना हुशारी सुचली.

“मग झालं तर. माशाची काही तक्रार नाही. ऑपरेशन कशाला हवंय?”

“माशाला निळा कधी माहीतच नव्हता, बाबा,” सूनबाई म्हणाल्या. “आपला डबा संपलाय. मी तीनदा मिसळून बघितला, जमत नाही. तुम्हाला दिसला नाही, तर तो निळा कायमचा गेला.”

 रात्री जेवताना आजोबा मान वर न करता म्हणाले, “डॉक्टरांना विचार, कधी येऊ.”

आधी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी मला आणि निळ्या बहिणीला टेबलावर शेजारी ठेवले. जुन्या डोळ्यावर हात ठेवून पाहिले, मग नव्या डोळ्यावर. पुन्हा जुन्यावर, पुन्हा नव्यावर.

“ये गं इकडे,” त्यांनी सूनबाईंना हाक मारली. “या डोळ्याने दोघी जुळ्या. आणि या डोळ्याने...” त्यांनी दुसऱ्या डोळ्यावर हात नेला. “केवढा निळा आहे हा.”

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका असे बजावले होते. ते पाणी आतून आले तर काय करायचे, हे सांगितले नव्हते.

दुसऱ्या डोळ्याची पाळी महिन्याने होती. त्या महिन्यात आजोबांनी नव्या डोळ्याने निळा मिसळला आणि सूनबाईंना थेंबाथेंबाचे प्रमाण लिहून घ्यायला लावले. दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र ते मला घेऊन तळ्यावर गेले.

मित्रांनो, पाण्यात खाली जाताना लाल आधी विझतो. माझे कल्ले विटकरी झाले, मग तपकिरी, मग काळपट. वरून शोभेला दिलेले सारे रंग एकेक करून पाणी काढून घेते, आणि उरते ती फक्त हालचाल. तिथेच एका बासने मला धरले. आजोबांनी त्याला अलगद वर घेतले, गळ सोडवला आणि ओल्या हातात पाण्याशी धरून ठेवले. मग नवा डोळा मिटून जुन्याने त्याच्याकडे, तळ्याकडे, आभाळाकडे पाहिले.

“तुझ्या डोळ्यांनी शेवटचं बघून घेतो रे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात सैल केला.

आता निळा सूनबाई मिसळतात, आणि तो हुबेहूब जमतो. येणारा-जाणारा मला बघून म्हणतो, हिला नीट रंगवून का घेत नाही? मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर धूळ पुसा, गंज घासा, पण रंग तेवढा देऊ नका. माझ्या अंगावर दोन वर्षे एका माणसाला जग कसे दिसत होते ते लिहिलेले आहे. तो रोज घरातल्या माणसांत बसून जेवत होता, आणि त्याला निळा दिसत नाही हे कोणाला ठाऊक नव्हते.