गवतावर भिरकावलेला हातमोजा

मी एक हातमोजा बोलतोय. थंडीतला नव्हे, बेसबॉलचा. डाव्या हाताचा, जाड कातड्याचा. माझा आवाज कापरा वाटला तर वाटू दे. ज्याचा जन्मच चेंडूचे तडाखे खायला झाला, तो दचकणारच.

एमिल ह्रुस्काने मला दुकानातून आणलं तेव्हा मी पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्याने मला तेल चोळलं, पोटात चेंडू घालून दोरीने आवळलं आणि गादीखाली ठेवून वर झोपला. त्याची बायको इर्मा कुरकुरली, "मला कधी इतकं गोंजारलं नाहीस!"

"तू चेंडू झेल, मग बघू."

ब्लॅकरिज हे खाणींचं गाव. एमिलचे वडील खाणीत राबून आता अंगणात बसून काळं खोकायचे. तो खोकला ऐकू आला की एमिलची बोटं माझ्यात घट्ट व्हायची. गावच्या संघात पगार घेऊन खेळणं म्हणजे त्याच्यासाठी खाणीबाहेर राहणं. पण वय तिशीपार गेलेलं, ते तो कमी करून सांगायचा. त्रेपन्न सालच्या हंगामाआधी तो इर्माला म्हणाला, "यंदा वरच्या लीगने उचललं तर ठीक. नाहीतर उतरतो खाली."

त्या काळी खेळात एक रीत होती. क्षेत्ररक्षण संपलं की खेळाडू हातमोजे मैदानातच भिरकवायचे आणि फलंदाजीला जायचे. हाताने ओझं कशाला वाहायचं? आम्ही आपले शत्रूच्या खिळ्यांच्या बुटांमध्ये पडून. ऑल्डनच्या संघाचा कीओ एमिलच्याच जागेवर खेळायचा. माझ्यावर तंबाखू थुंकायचा, बोटांत गांडुळं सोडायचा. एमिलने हात घातला आणि किंचाळला, की हा लांबून ओरडायचा, "ह्रुस्का, घरून डबा आलाय वाटतं!"

सगळे हसायचे. मी आतून थरथरत असायचो, पण हातमोज्याला कोण विचारतंय?

हंगामाच्या पहिल्याच सामन्यात मी पडलो ते जिथे माती संपून गवत सुरू होतं तिथे, आणि त्या दिवशी एमिलची बॅट तळपली. झालं! तेव्हापासून तीच जागा. बाकीचे मोजे लांब मागे, मी एकटा चेंडूच्या वाटेत.

कोच गस पायफर वैतागायचे. "अरे बाबा, मागे फेक. तिथे चेंडू येतो."

"जागा बदलली की माझी बॅट रुसते, कोच."

"तुझी बॅट रुसते आणि माझं पोट दुखतं!"

हंगामभर बॅट रुसली नाही, हे मात्र खरं. संघ वर चढत गेला. शेवटचा सामना ऑल्डनशी, अजिंक्यपदाचा. वरच्या लीगचा माणूस गवती टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. तो एकालाच नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, एकच बळी शिल्लक, आमचे दोन गडी मधल्या टप्प्यांवर, म्हणजे बेसवर, धावायला टपलेले. बॅट एमिलच्या हातात. कोच किंचाळले, "पंच, खेळ थांबवा! एमिल, तो मोजा उचल आधी!"

एमिल वळलासुद्धा नाही. "हात लावू नका त्याला!"

फटका असा बसला की इर्मा बाकावर उभी राहिली. चेंडू कीओच्या हाताखालून निसटला. आणि मग, काय सांगू, तो सरळ माझ्या अंगावर आदळला. मला मिटायला डोळेही नाहीत. चेंडू उसळून मागे आला, कीओच्या ओंजळीत. त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला, जिथे एमिलने चेंडूआधी पोचायला हवं होतं. एमिल जीव तोडून धावत होता. एका पावलाने बाद. सामना संपला. शेवटचा गडी असा बाद झाला की धावा धरत नाहीत, म्हणून त्या दोघांच्या धावाही गेल्या.

कीओने मला उचलून एमिलकडे फेकलं. "घे रे, तुझा मोजा तुझ्यापेक्षा बरा झेलतो."

गवती टोपीवाल्याने कीओला नेलं. एमिल खाणीत उतरला. पुढच्या हंगामापासून नियमच आला: डाव संपला की हातमोजे बरोबर न्यायचे. एक वर्ष आधी शहाणपण सुचलं असतं तर!

आता मी गावातल्या बिअरच्या गुत्त्यात भिंतीवर आहे, तळव्यातून खिळे ठोकून. लोक माझ्यात शेंगदाण्याची टरफलं टाकतात. शनिवारी एमिल येतो, वडिलांसारखाच खोकतो आणि बोट दाखवून सांगतो, "यानेच खाल्लं मला." मग कुणीतरी त्याला पेला पाजतो. माणूस जिंकला की छाती दाखवतो, हरला की वस्तू.

एमिल, खिळे काढ म्हणत नाही. तुझा हात पुन्हा माझ्यात यावा, हेही मागत नाही. गोष्ट सांगतोस ती पुरती सांग, एवढंच. त्या जागी मी माझ्या पायांनी गेलो नव्हतो.